उंबरावरचा कोळी

कालिंदीबाईंचं डोकं फिरायचं ते एकाच प्रश्नानं. 'याचा उपयोग काय?' प्राणिशास्त्र शिकवता शिकवता केस पिकले, तरी स्टाफरूममध्ये, बारशात, रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी कुणी ना कुणी हे विचारायचंच. बाई कोळ्यांचा अभ्यास करायच्या. जाळं विणणारा कोळी नव्हे. पानातला रस शोषून जगणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. वांग्यावर पडतो म्हणून शेतकरी ज्याला शिव्या घालतो, त्या लाल कोळ्याचा हा लांबचा भाऊबंद. अंगानं गाजरासारखा निमुळता, आणि आठाऐवजी चारच पाय.

"उपयोग काही नाही," बाई फणकाऱ्यानं सांगायच्या. "तुमच्या-माझ्यासारखाच. आहे म्हणून आहे."

असा एक कोळी त्यांना उचगावच्या शिवारात सापडला. तिथं ऊसपट्ट्याच्या कडेला छोटं दत्ताचं देऊळ आणि त्याला टेकून उंबर. एका गुरुवारी दर्शनाला गेलेल्या बाईंचं लक्ष देवाकडे कमी आणि पानांकडे जास्त, हे काही नवं नव्हतं. पानांच्या पाठीला तांबूस डाग दिसले, म्हणून चार पानं पिशवीत टाकली. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तर पाठीवरच्या रेषा, पायांवरचे केस, काहीच कुठल्या माहीत असलेल्या जातीशी जुळेना. जग धुंडाळून झालं. हा कोळी कुणीच नोंदवलेला नव्हता. बाईंनी त्याला नावही ठरवून टाकलं, करवीरच्या नावावरून. लेक जन्माला आली तेव्हासुद्धा नाव इतक्या झटक्यात ठरलं नव्हतं.

नाव ठरवणं सोपं, ते लावून घेणं महाकठीण. नवी जात म्हणजे तिचं चित्रांसकट वर्णन लिहायचं, नमुने काचपट्टीवर जपायचे आणि परदेशातल्या परीक्षकानं मान डोलवायची. परीक्षकानं मान डोलवली नाही. नमुने थोडे, तेही माद्यांचेच. पावसाळ्यातल्या ओलीनं काचपट्ट्यांवर बुरशी आलेली. त्याच झाडावरचे नवे नमुने द्या, जमलं तर नरही द्या, मग बघू. त्याचं काही चूक नव्हतं, आणि म्हणूनच बाईंचा जास्त संताप झाला. चुकलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. सूक्ष्मदर्शक विभागाचा. तो हातून गेला की करवीरचा कोळी पुन्हा निनावी. तोवर त्यांनी मलकापूरच्या रस्त्यापासून कुरुंदवाडच्या घाटापर्यंत दिसेल तो उंबर चाळला होता. कुठंच नाही. होता तो त्या एका झाडावर.

आणि त्या झाडाच्या बाबतीत बाईंकडून आधीच एक घोळ होऊन बसला होता. देवळाची देखभाल आकाराम करायचा. बाजूचं रान त्याचंच. ही बाई सारखी येऊन महाराजांच्या झाडाची पानं का तोडते, असं त्यानं एकदा तोंडावर विचारलं. बाईंना कुणीतरी 'उपयोग काय' सोडून दुसरं काही विचारलं, याचाच इतका आनंद झाला की त्यांनी पिशवीतलं भिंग काढून त्याच्या हातात दिलं.

आकाराम बराच वेळ भिंगातून बघत राहिला. "आयला! ह्ये वळवळतंय काय?"

"कोळी. जगात दुसरीकडं कुठं सापडलेला नाही."

"महाराजांच्या झाडावर कोळी?" त्याचा चेहरा पडला. "आन् आमास्नी पत्त्या न्हाय!"

बाईंना वाटलं, माणूस भारावला. त्या खुशीतच घरी गेल्या.

मग परीक्षांचे पेपर तपासण्यात दिवस गेले, तेवढ्यात परीक्षकाचं उत्तर आलं, आणि पिशवी, भिंग, बाटल्या घेऊन बाई पुन्हा उचगावला आल्या. उंबर हिरवागार चमकत होता. एका पानाला डाग नाही. बाईंनी भिंग लावून पान न् पान उलटलं, कोंबही उसवून बघितले. काही नाही. कोळी नाही, त्याची कातही नाही.

"बाई, आलासा व्हय!" आकाराम हसतच आला. "काळजीच सोडा. वांग्याला मारतो तेच औषिद मारलं, दोनदा. वरच्या लई बिघडलेल्या फांद्या उतरवल्या. तशा न्हाय हां, नारळ फोडून, झाडाची माफी मागून. आन् लोकं पानं डोक्याला लावत्यात, म्हणून बोरच्या पाण्यानं सगळं झाड धुऊन घेतलं. आता हुडकून बी सापडणार न्हाय एक."

बाई पारावर बसल्या. ओरडायचं तरी कुणावर? ह्या माणसानं पदरचं डिझेल जाळून, अख्खा दिवस मोडून त्यांच्यावर उपकार केले होते. भिंग त्यांनीच त्याच्या हातात दिलं होतं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

एवढ्यात एक गोष्ट डोक्यात चमकली. हे कोळी फांदीच्या कोंबात दडून राहतात. फांदी वाळली तरी आतले मेलेले कोळी काढून भिजवता येतात, काचेवर घेता येतात. औषध मारायच्या आधी उतरवलेली असली तर नरही मिळेल.

"आकाराम, त्या फांद्या कधी उतरवल्या?"

"औषिदाच्या आदी की."

"कुठं आहेत? जाळल्या तर नाहीत?"

उत्तर आकारामच्या आईनं दिलं. विठाबाई देवळाच्या पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. "उंबर चुलीत घालत्यात व्हय कुठं? पाप लागंल. येक काडी बी वाया घालवली न्हाय म्या. पानं शेरडास्नी घातली आन् फांद्या माळ्यावर वाळवत ठेवल्या."

बाई ताडकन उठल्या. किती दिवसांनी त्यांच्या जिवात जीव आला. "मला द्या. सगळ्या द्या. कोंबांसकट."

"आता कुठल्या?" विठाबाईंनी वाती खाली ठेवल्या. "समिधा केल्या न्हवं त्याच्या. काल याग झाला हितं. सगळ्या घातल्या होमात. आन् तुमचं नाव घेऊन संकल्प सोडाय लावला भटजीस्नी. म्हटलं, ती बाई उनातानात हिंडती, देवा, तिचं काम हुदे."

कालिंदीबाईंचे डोळे भरून आले. विठाबाईंना वाटलं, बाई गहिवरल्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, गाभाऱ्यातून तांब्याची वाटी घेऊन आल्या.

"डोकं वाकवा जरा."

बाईंनी डोकं वाकवलं. विठाबाईंनी होमातली राख चिमटीत घेतली. नर, माद्या, पिल्लं, अंडी, सगळी जात त्या चिमटीत होती. ती बाईंच्या कपाळावर नीट टेकवून विठाबाई म्हणाल्या, "आता बगा, काम कसं हुतंय ते."