गाऱ्हाण्यातलं माझं वाक्य

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात येते ती भर दुपारी. ढोल आधी पऱ्याच्या ओहळापलीकडून ऐकू येतो, मग बराच वेळ येतच नाही, आणि एकदम काजूच्या बागेतून उगवतो. त्या उन्हात, पिकल्या बोंडांच्या वासात, कुणीतरी झोपेत वाजवतंय असं वाटतं. पालखी टेकली, ओटी भरली, की भावकीतले थोरले काका गाऱ्हाणं घालतात, म्हणजे त्या घराच्या वतीने देवाकडे मागतात. प्रत्येक वाक्याला सगळी वाडी म्हणते, "व्हय म्हाराजा!"

आमच्या घराचं मागणं ठरलेलं होतं. "ह्या पोरीच्या लग्नाच्या आड जं काय येत आसंल, तं दूर कर रे म्हाराजा!"

आड काहीच येत नव्हतं. मला लग्न करायचं नव्हतं, एवढंच. पंचविशीत मी हे ऐकून लाजले, पस्तिशीत चिडले. पुढे आई-वडील गेले, पन्नाशी उलटली, गुडघा कुरकुरायला लागला. पालखीपुढे मी पोरच राहिले. रोज एसटीने रत्नागिरीला जाऊन कॉलेजचं ग्रंथालय सांभाळणारी बाई त्या दुपारपुरती रद्द व्हायची. आणि खरं सांगायचं तर, एवढी माणसं एका सुरात 'व्हय' म्हणाली की क्षणभर मलाही वाटायचं, आपलं काहीतरी राहूनच गेलं असावं.

यंदा मी आठवडाभर आधी काकांकडे गेले. ते पडवीत नारळ सोलत बसले होते.

"काका, यंदा माझ्या लग्नाचं मागू नका."

"का गो बाय? जमलं काय कुठं?"

"जमवायचंच नाहीय. मी अशीच बरी आहे."

आतून काकी म्हणाल्या, "देव पन कंटाळला आसंल हो. त्याला तरी सोडा!"

काकांनी नारळ खाली ठेवला. "मंग तुझ्यासाठी मागू तरी काय?"

भांडायच्या तयारीने गेले होते. ह्या प्रश्नाची तयारी नव्हती. "सांगते," म्हणून उठले.

मग आठवडाभर तेच. एसटी हातखंब्याच्या वळणावर डुलायची, डोळे मिटायचे, आणि मी देवासाठी मागणं शोधत असायचे. भरभराट मागावी, तर ती ठेवू कुठे? कीर्तीचं काय होतं ते मी कपाटांतल्या पुस्तकांवरची धूळ पुसताना रोज बघते. काय नको, हे मला तीस वर्षं तोंडपाठ होतं. काय हवं, हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नव्हतं.

पालखी आली. काकांनी गुरंढोरं, पीकपाणी, मुंबईला असलेला माझा भाऊ, सगळं देवाच्या कानावर घातलं आणि थांबले. ढोलवाला काठी उगारून तसाच उभा.

"हिचं काय तं हीच सांगंल," काका म्हणाले.

उन्हात लाल धूळ तरंगत होती. देवीचा चांदीचा मुखवटा त्या धुळीमागे विरघळल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, "आहे ते असंच राहू दे... म्हाराजा."

 देवाला न दमवणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं, ह्याची रीत आमच्याकडे नाही. मग मागून काकींचा एकटा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" आणि त्यांच्यापाठोपाठ वाडी, पुढेमागे होत.

पालखी शेजारच्या अंगणात गेली. मी मधल्या गडग्याच्या दगडांना टेकून उभी राहिले. अंग इतकं हलकं झालं होतं की पाय जमिनीवर आहेत हे बघून घेतलं. शेजारणीची मुलगी पुण्याला नोकरी करते. व्हिडिओ कॉलवर तिला पालखी दिसावी म्हणून तिची आई मोबाईल उंच धरून उभी होती. काकांचा आवाज पुन्हा ओळखीच्या वाटेला लागला. "ह्या पोरीला चांगलं स्थळ मिळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. त्यात माझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मग मोबाईलमधली ती दिसली, बोटभर. हात जोडलेले, नजर खाली. तिला काय हवंय हे मला ठाऊक नव्हतं.