हसला तर खरा

माझ्या मामेसासऱ्यांनी ज्याचं विडंबन केलं नाही, असा एकही पवित्र माणूस पुण्यात उरलेला नाही. मामेसासरे म्हणजे बायकोचे सख्खे मामा. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर त्यांनी जन्म घालवला. फुसका माल हुडकायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. फक्त दारूगोळ्याच्या जागी धर्मोपदेशक आले. आम्हा ख्रिस्ती मंडळींत हल्ली संदेष्टे उदंड झालेत. फळावरून झाड ओळखावं, तसाच खरा संदेष्टाही, असं कुणी म्हणालं की मामा विचारतात, "मंडईत आंब्याची पेटी घेतलीत का कधी? वरचा थर बघून?" त्यांची कसोटी निराळी. ते त्या माणसाचं प्रवचन जुन्या पोथीच्या ओव्यांत बसवतात आणि हात जोडून, गंभीर चालीत, त्याच्याच तोंडावर म्हणतात. "जुने लोक शहाणे हो. पोथी लिहायचे, आणि पोथीची थट्टाही पोथीच्याच चालीत करायचे. तिकडे युरोपात तर दारुड्यांची उपासना रचून गायचे! देवाचं काही बिघडलं? खऱ्याला थट्टा बाधत नाही. तो हसतो. खोटा चिडतो."

आमच्या चर्चचे पाळक "आता शेवटचा मुद्दा" म्हणून नवा मुद्दा काढतात. मामांनी त्यावर 'शेवटमाहात्म्य' रचलं. पाळक इतके हसले की चहा झग्यावर सांडला, आणि वर म्हणाले, "मामा, शेवटचा अध्याय राहिला की हो!" घरी येऊन मामांनी निकाल दिला, "माणूस पास आहे. प्रवचन नापास."

मी मुळात कमी बोलणारा. मनातलं मनात ठेवायचं आणि रात्रंदिवस स्वतःला दोष देत बसायचं, हा माझा स्वभाव. बायकोची, सुनीताची, मूत्रपिंडं थकली, तेव्हा वाटलं, माझ्याच कुठल्या तरी पापाचं हे फळ. अशात हिंजवडीच्या एका हॉलमध्ये नवे संदेष्टे आले. ते म्हणाले, "ताई बऱ्या झालेल्या मला दिसताहेत. पुढच्या शुक्रवारी या, त्या दिवसापासून गोळ्या बंद." आज स्पष्टच सांगतो, मला ते खरे हवे होते. डॉक्टरांपेक्षा जास्त हवे होते.

शुक्रवारी मामा आपणहून गाडीत येऊन बसले. "मामा, आज नको," मी म्हणालो. "जावईबापू, आजच," ते म्हणाले.

संदेष्ट्यांनी सुनीताच्या डोक्यावर हात ठेवायच्या आधीच मामा उठले आणि हात जोडले:

"ऐका ऐका भाविक जन ।
सोडा वैद्य, औषधपान ।
उघडा पाकीट, मिटा नयन ।
चमत्कार मागाहून ॥"

मी संदेष्ट्यांच्या ओठांकडे बघत होतो. ते लालबुंद झाले. "सैतान आहे हा! बाहेर काढा! या बाईला आता बरं वाटणार नाही!"

परतताना कंपन्यांच्या बसगाड्यांत आमची गाडी अडकून पडली. मी मामांकडे न बघता हॉर्न वाजवत होतो. सुनीताने पर्समधून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली. "मामा, चाल छान होती," ती म्हणाली.

एरवी अशा कौतुकावर मामा आणखी दोन ओव्या ऐकवतात. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "रागावू नका, जावईबापू. ओवी म्हणताना मी मनात प्रार्थनाच करत होतो. म्हटलं, हस रे बाबा. माझ्या पोरीसाठी तरी हस."