परमिटकाका आणि मधला दादा

दारूबंदीमुळे गुन्हेगारांच्या टोळ्या जन्माला येतात, की आधीच असलेल्यांना तिच्यामुळे फक्त बळ मिळते? या प्रश्नाचे उत्तर मला शिस्तीत शोधायचे होते. परमिटकाकांनी ते शोधू दिले नाही.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात आमच्याच ब्लॉकमध्ये ते मुलाकडे राहत. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे तिथल्या खाऊच्या बाजारातल्या, बिअरच्या दुकानालाही ते 'परमिट रूम' म्हणत, म्हणून हे नाव. त्यांचे बालपण दारूबंदीच्या मुंबईत गेले होते. दर रविवारी माझ्या घरी मुलांचा मराठीचा वर्ग भरे आणि हे गृहस्थ न बोलावता मागच्या सोफ्यावर येऊन बसत. मी क्रियापदे शिकवू लागले, की यांची हातभट्टी पेटे. "दारू तीच, पिणारा तोच. मधे दादा आला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की त्याचे व्याकरण झोपेतही चालवले असते.

पुढे मराठी मंडळाने वर्गात इंग्रजीला बंदी केली. सवलत म्हणून प्रत्येक मुलाला तीन चिठ्ठ्या मिळत. एका इंग्रजी वाक्याला एक चिठ्ठी.

"बाई, परमिटं वाटलीत? आता दादा येतोय."

"काका, दहा वर्षांची मुलं आहेत ही!"

"दादा काय जन्मतःच मिशा घेऊन येतो?"

दादा आला, तो दोन वेण्या घालून. वर्गातल्या इराचे मराठी उत्तम; तिच्या चिठ्ठ्या उरत. सीवीडच्या, म्हणजे कुरकुरीत समुद्री शेवाळाच्या, एका पाकिटाला एक, अशा त्या ती विकू लागली. मग इतरांच्या चिठ्ठ्याही तिने गोळा केल्या, भाव दुप्पट केला आणि वसुलीला दोघे नेमले. काका मांडी थोपटत होते. मला अर्णव दिसत होता. पुण्याच्या आजीशी चार वाक्ये बोलता यावीत, एवढ्यासाठी हा अडखळणारा मुलगा येई. खाऊ संपला की तो वर्गभर गप्प बसे. शेवटी त्याच्या आईने सांगितले, "पुढच्या महिन्यापासून नको म्हणतोय."

"काका, हसताय काय? उपाय सांगा."

"परमिटं बंद करा, बंदीही उठवा. इराचं दुकान बसेल."

बसले. पुढच्या रविवारी अर्णव म्हणाला, "आजी कॉल्ड मी काल, ला!" शेवटच्या सिंगापुरी 'ला'सकट ते वाक्य दुरुस्त करणे माझे काम होते, आणि ते मला येते.

तरीही मी बजावले, "वर्ग म्हणजे शहर नव्हे, काका. मुंबईत दादा आधीही होते."

"होते की. पण सुटे होते. बंदीनं त्यांना एकत्र पगारावर ठेवलं."

यंदा त्यांच्या मुलाची नोकरी संपली. मुलाच्या पासवर, म्हणजे त्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या परवान्यावर, राहणाऱ्या काकांनाही मुंबईला परतावे लागले. निरोपाला वर्ग जमला. "माझंच परमिट संपलं," ते म्हणाले.

अर्णव पुढे झाला. एकही इंग्रजी शब्द न वापरता म्हणाला, "काका, मग चोरून राहा ना."

काकांनी चष्मा पुसला. "घ्या बाई! पहिलं सरळ वाक्य, तेही बेकायदा."

बंदी सुट्या दादांची टोळी बांधते, हे माझे उत्तर एका वर्गावर आणि एका वैतागवाण्या म्हाताऱ्याच्या आठवणींवर उभे आहे. ते पुरेसे नाही. आपण घरात एखाद्या आवडत्या शब्दावर आठवडाभर बंदी घालावी, मधे कोण उभे राहते ते पाहावे, आणि मगच ठरवावे.