गुडघ्याच्या गोळ्या

२०१४ची गोष्ट. मला पाचवा महिना होता आणि बाळंतपणासाठी सासूबाईंना नागपूरहून ओमानमधल्या सोहारला आमच्या घरी नेत होते. आखातात राहणारी माणसं बॅगा वजनकाट्यावर चढवून, अर्धा किलो इकडचं तिकडे करत भरतात. त्या उलथापालथीत सासूबाईंचं तिखट आणि गुडघेदुखीच्या गोळ्या माझ्या बॅगेत आल्या, माझी पुस्तकं घरी राहिली. राग माझ्या नाकावरच असतो. मी फुगून बसले.

विमानात माझी कंबर भरून आली. सासूबाईंनी पर्समधून त्यातलीच एक गोळी काढली. "घे गं, बरं वाटंल."

"तुमच्या गोळ्या तुम्हालाच लखलाभ!"

त्यांनी ती स्वतःच गिळली.

मस्कतच्या विमानतळावर माझी बॅग उघडली गेली. कस्टमच्या ओमानी बाईंनी आधी गोळ्यांची पाकिटं पाहिली, मग माझं पोट. "ये किसका है?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात सासूबाई पुढे सरसावल्या. "मेरा है, मेरा!" म्हणत त्यांनी भर रांगेत साडी वर करून सुजलेला गुडघाच दाखवला. मागे हशा पिकला. बाईंनाही हसू आवरेना. "माँजी, घुटना अंदर करो!"

मग त्यांनी नीट समजावलं. पोटात जळजळ होऊ नये म्हणून या गोळीत जे औषध घालतात, त्याने गर्भही पडू शकतो. म्हणून इथल्या कायद्याने ती अशी कुणालाही आणता येत नाही. "खलास, ये यहीं रहेगा." पर्समधलं पाकीटही त्यांनी काढून घेतलं. सासूबाईंनी हात जोडून त्यांना जय भीम केला.

सोहारच्या वाटेवर गाडीत त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "पोरी, बरं झालं तू भांडखोर आहेस."

मी हसता हसता रडले.

मुलगी झाली. जमिनीवर पाय पसरून, त्याच दुखऱ्या पायांवर निजवून सासूबाई तिला रोज न्हाऊ घालायच्या. उठताना "आई गं!" ठरलेलं. इथल्या डॉक्टरांकडून दुसरी गोळी आणू या म्हटलं, की म्हणायच्या, "तू पाजतेस ना अजून? मग घरात गोळी नको."