काँगोच्या पाहुण्याला जामीन

मीनाक्षी पुराणिक औरंगपुऱ्यात वर्षानुवर्षं फ्रेंचच्या शिकवण्या घेत होत्या, पण फ्रान्स सोडाच, त्या मुंबईच्या पुढंही कधी गेल्या नव्हत्या. लग्नाआधी पाँडिचेरीला शिकायला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यात २०१५ चा दुष्काळ. नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी यायचं आणि ते कधी येईल याचा भरवसा नव्हता. त्यामुळं घरात सतत कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी म्हणजे मीनाक्षीबाईच.

त्या मे महिन्यात एका वकिलांचा फोन आला. हर्सूलच्या तुरुंगात काँगोचा एक तरुण आहे, त्याला फ्रेंचच येतं, दुभाषी म्हणून याल का?

त्याचं नाव प्रॉस्पेर. काँगोची राजधानी ब्राझाव्हिल, तिथून तो कॉम्प्युटर शिकायला आला होता. ज्या खाजगी संस्थेत नाव घातलं ती एका सुट्टीत कुलूप लावून पसार झाली. व्हिसाची मुदत संपली आणि त्याला अटक झाली. जाळीपलीकडून मीनाक्षीबाईंनी "बोंझूर" म्हटलं आणि तो धिप्पाड तरुण ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. तुरुंगात आल्यापासून त्याच्याशी त्याच्या भाषेत कुणी बोललंच नव्हतं.

जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. मीनाक्षीबाईंच्या नावावर वडिलांनी दिलेला शेंद्र्याचा जमिनीचा तुकडा होता. आजूबाजूला कारखाने आल्यापासून अनंतरावांचा, त्यांच्या नवऱ्याचा, त्यावर डोळा होता. तो विकून नव्या वसाहतीत फ्लॅट घ्यायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं.

"ओळख ना पाळख, आणि जमीन अडकवतेस?" ते म्हणाले. "उद्या पळाला तर?"

"जमीन माझ्या नावावर आहे," मीनाक्षीबाई म्हणाल्या. संसारात असं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. त्या स्वतःच दचकल्या.

ऑगस्टमध्ये प्रॉस्पेर बाहेर आला. बाहेर म्हणजे कुठं? पासपोर्ट कोर्टात, दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी, शहर सोडायचं नाही. खोली द्यायला कुणी तयार होईना, म्हणून मीनाक्षीबाईंनी त्याला गच्चीवरची खोली दिली. अनंतराव त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. प्रॉस्पेर दुकानात गेला नि यायला उशीर झाला की त्या जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या. झोपेतसुद्धा त्यांचा एक कान वर असायचा.

हे त्याच्या ध्यानात आलंच. एकदा तो हसत म्हणाला, "मादाम, तुरुंगातल्या शिपायाला माझ्यावर नजर ठेवायचा पगार मिळायचा. तुम्हाला तर काहीच मिळत नाही."

मीनाक्षीबाईंना हसू आलं नाही.

चार सप्टेंबरला सकाळी नळाला पाणी आलं. ड्रम भरायला हाक मारावी म्हणून त्या गच्चीवर गेल्या, तर खोली रिकामी. बूटही नव्हते.

"गेला," अनंतराव म्हणाले. "बस आता सातबारा कवटाळून."

नळ तसाच वाहता टाकून त्या खाली आल्या. कोपऱ्यावर कडूबा रिक्षावाला होता.

"तो उंच पाव्हणा व्हय? हर्सूलकडं पळत गेला की सकाळीच. लई जोरात. मी हाक मारली तर थांबला बी नाय."

पळत गेला म्हणजे धावत गेला की पळून गेला, हे कडूबाला विचारायचा त्यांना धीर झाला नाही. रिक्षात त्या पदर मुठीत धरून बसून राहिल्या.

हर्सूलच्या तलावात पाण्याचं नाव नव्हतं. भेगाळलेल्या तळावर गुरं हिंडत होती आणि त्यांच्यामधून प्रॉस्पेर गोल गोल धावत होता. मीनाक्षीबाई काठावरून ओरडल्या, तेही मराठीत. "कुठं होतास? जीव घेतोस का माझा?"

तो धापा टाकत आला. शब्द कळले नसले तरी अर्थ कळला होता.

"आज आमच्याकडं आफ्रिकेच्या खेळांच्या स्पर्धा सुरू होतायत, मादाम. साऱ्या खंडाच्या. मला खोलीत बसवेना."

काठावर बसून त्यानं सगळं सांगितलं. या स्पर्धा पहिल्यांदा १९२५ मध्ये अल्जिअर्सला भरायच्या होत्या, भरल्या नाहीत. मग अलेक्झांड्रियात १९२९ चा मुहूर्त धरला, मैदानही बांधलं, पण आफ्रिकेवर राज्य करणाऱ्या गोऱ्या सरकारांनी ऐनवेळी मोडता घातला. आफ्रिकेची माणसं एका मैदानात जमलेली त्यांना नको होती. अखेर देश स्वतंत्र झाले आणि १९६५ मध्ये पहिल्या स्पर्धा भरल्या त्या ब्राझाव्हिलला. प्रॉस्पेरचे आजोबा तेव्हा रिलेत धावले होते. पहिल्याच फेरीत बाद झाले, पण त्यांचं सांगणं कधी संपलं नाही. पुढची खेप बामाकोला ठरली होती, पण तिथं लष्करानं सत्ता घेतली आणि तेव्हाही स्पर्धा हुकल्या. मग थेट १९७३ मध्ये लागोसला झाल्या. आणि आता पन्नास वर्षांनी त्या पुन्हा ब्राझाव्हिलला आल्या होत्या.

"आजोबा म्हणाले होते, तू ये, दोघं मिळून जाऊ."

समोर तुरुंगाकडं जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक चालले होते. "मला वाटलं तू पळालास," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"मलाही तेच वाटत होतं. पण इथून पुढं कुठल्या दिशेला जायचं, ते कळेना."

त्या दोन आठवड्यांत तो मोबाईलवर शर्यती बघायचा, त्याही अडकत अडकत. सासूबाईंना भरवून झालं की मीनाक्षीबाई शेजारी बसायच्या. कोर्टाच्या तारखा पुढं ढकलल्या जात होत्या. दर तारखेनंतर प्रॉस्पेर घरी फोन करून काहीतरी हसऱ्या आवाजात सांगायचा.

मार्चमध्ये निकाल लागला. भोगलेली कैद हीच शिक्षा धरली गेली आणि पोलिसांच्या सोबतीनं त्याला मायदेशी धाडलं. निघताना तो अनंतरावांच्या पाया पडला. ते अवघडून बाजूला झाले.

आठवड्यानं त्याचा फोन आला. आजोबा नाताळात गेले होते. त्याला कुणी कळवलं नव्हतं.

"स्पर्धा बघायला मिळाल्या का त्यांना?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"नाही. घरापासून मैदान जवळच आहे. पण ते माझी वाट बघत बसले. पुढच्या आठवड्यात येतोय, असं मीच सांगायचो ना."

फ्रेंचमध्ये सांत्वन कसं करायचं हे त्या मुलांना शिकवायच्या. त्यातलं एक वाक्यही त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

जमीन मोकळी झाल्याचं कळताच अनंतरावांनी गिऱ्हाईक घरी आणलं. मीनाक्षीबाईंनी सही करायला नकार दिला. जमीन ठेवून करणार काय, असं अनंतरावांनी तीनतीनदा विचारलं. मीनाक्षीबाईंनी कागद गिऱ्हाइकाकडं परत सरकवला. तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली आणि त्या उठल्या.