रंगाने बुजलेल्या झडपा

वेंगुर्ल्याच्या आमच्या जुन्या घरात सासऱ्यांना उकाडा सोसवेना, म्हणून एसी घ्यायचं ठरलं. खिडक्यांच्या सागवानी झडपांच्या कडेच्या फटींतून गारवा बाहेर गेला असता. त्या काढून काचा बसवायला मी गजा सुतारांना बोलावलं. त्यांनी झडपांवरून हात फिरवला आणि पटाशीने आडव्या पट्ट्यांमधला ऑइलपेंट खरवडायला घेतला.

"वहिनी, ह्या काढू नका. रंगाने बुजल्यात, एवढंच."

दुपारपर्यंत एकेक पट्टी हलू लागली आणि समुद्रावरचा वारा आत आला. बांधणाऱ्याने हे घर वाऱ्यासाठीच बांधलं होतं. दर दिवाळीला रंगाचे थर चढवून आम्हीच ते बंद केलं होतं, आणि उकडतं म्हणून त्यालाच नावं ठेवत होतो. मला ओशाळल्यासारखं झालं.

सासूबाई गेल्यापासून सासरे भिंतीकडे तोंड करून पडून असत. वारा लागताच ते खिडकीकडे वळले.

"सगळ्या खिडक्या अशाच करून घे," ते म्हणाले.