गोटा नाही, गाडी होती

"गोटमारीतली हाये, साहेब. पायावर गोटा बसला."

हे माझ्याबद्दल, माझ्या डोक्यावरून बोललं जात होतं. मी पांढुर्ण्याच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर पडले होते. उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला. बोलणारा होता सौंसरचा ठेकेदार. त्याच्याच गाडीने मला उडवलं होतं. तो मोबाइल कानाला लावून गाडी हाकत होता आणि मी रस्त्याच्या कडेने चालत होते.

मी म्हणाले, "मी गोटमारीत गेलीच नाई. बोरगावच्या फाट्यावर याच्याच गाडीनं मले उडवलं."

ठेकेदार डॉक्टरकडे पाहून हसला. "गुंगीत बडबडून राहिली. शिलाईवाली बाई हाये. आमच्याच वळखीची."

डॉक्टर पुढच्या जखमीकडे वळला. फुटलेल्या डोक्यांनी व्हरांडा भरला होता. माझ्या नावापुढे गोटा लागला असं लिहून झालं होतं. तोंड माझं, पाय माझा, आणि सांगणार कोण, तर मोडणारा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीत रोवलेल्या झाडावरचा झेंडा काढायला दोन्हीकडून दगड. डोकी फुटतात, हातपाय मोडतात. पण लागलेल्याची फिर्याद कोणी करत नाही. देवीचा अंगारा लावायचा, पट्टी बांधायची, घरी जायचं. खेळणाऱ्यांची ती रीत. त्यांना लखलाभ असो. मी तर त्या दिवशी, तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल मिरवणाऱ्या पोरांसाठी शिवलेले कुर्ते गिऱ्हाइकाकडे पोचवायला निघाले होते.

उडवल्यावर त्याने मला त्याच गाडीत घातलं. सौंसरचा सरकारी दवाखाना वाटेतच होता. "इथंच थांबवा," मी ओरडले. गाडी थांबली नाही. मोडका पाय घेऊन मी थेट पांढुर्ण्यापर्यंत हादरे खात गेले. मला वाटलं, तिकडे मोठा डॉक्टर असेल, माणूस चांगला दिसतो. चांगला! पांढुर्ण्यात त्या दिवशी मोडक्या पायाला कोणी कसा मोडला म्हणून विचारत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. देवीच्या जत्रेचा असा उपयोग देवीलाही सुचला नसता.

त्याची बायको पुढे बसली होती. मला उचलण्याआधी ती म्हणाली, "खाली काई टाका पहिले. सीट खराब होईन." डिक्कीतून खताची रिकामी पोती निघाली. त्यावर मला टाकलं. एवढी मोठी गाडी, पण शरम ठेवायला तिच्यात जागा नव्हती.

माझी मशीन पायाची. पाय चालला तर घर चालतं. प्लास्टर बांधून मी खाटेवर पडले आणि मशीनवर धूळ बसायला लागली. तेव्हा हे पुण्यवान जोडपं घरी आलं. साडी आणि नारळ घेऊन. ठेकेदार आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसला आणि माझ्या नवऱ्याशी बोलला. माझ्याशी नाही. पाय काय नवऱ्याचा मोडला होता?

"गोटमारीत लागलं का कोणी ठाण्यात जाते काय? आपली रीत हाये. देवीचा परसाद समजा अन् मिटवा."

नवरा खाली पाहत होता. सासूने साडी हातात घेऊन पदर पाहिला. चोर तो चोर, वर शिरजोर.

मी म्हणाले, "साडी उचला."

"काय म्हणते?" त्याने नवऱ्याला विचारलं.

"मले विचारा. मी बोलून राहिली. साडी उचला अन् नारळ बी उचला. मी ठाण्यात चालली."

तो उठला. दारात नवऱ्याला म्हणाला, "बाईले आवरा." ते गेल्यावर नवरा म्हणाला, "मोठ्या लोकायशी वैर काहून घेतं?" मी म्हणाले, "आटो आण." त्याने आणला. तेवढं त्याच्या पदरात घालते.

ठाण्यातला फिर्याद लिहिणारा मुन्शी दात कोरत होता. "दवाखान्यात गोटा लिवून हाये, बाई. आमी काय करावं?"

"मी सांगून राहिली ते लिवा."

"उद्या या."

उद्या, परवा, साहेब नाहीत, साहेब आहेत पण वेळ नाही. ठेकेदाराचा चहा प्यालेलं ठाणं ते. मग कोर्टाच्या आवारात गेले. बाईमाणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे मला कोणत्याही शहाण्याने सांगितलं नव्हतं. तिथे एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी विचारलं, "त्या दिवशीचे अंगावरचे कपडे धुतले का?" धुतले नव्हते. सासू मागे लागली होती, मीच धुऊ दिले नव्हते. साडीवर चाकाचा काळा पट्टा होता. बाई म्हणाल्या, "दवाखान्यात चुकीचं लिहिलं म्हणून केस मरत नाही. ठाण्यात घेत नाहीत तर एसपीला लिहून पोस्टाने पाठवा." पाठवलं. मग तोच मुन्शी घरी आला, जमिनीवर बसला आणि मी सांगितलं ते खाली मान घालून लिहिलं. पट्ट्याची साडी पुरावा म्हणून घेऊन गेला. त्या दिवशी मला वेळच वेळ होता. एकेक शब्द मी दोनदा वाचून घेतला.

आता दोन ठिकाणी तारखा चालतात. एकीकडे त्याच्यावर गुन्हा, दुसरीकडे माझा मोटार अपघाताचा दावा. पाय वाकडा जुळला आहे. पायडल दाबला की कळ मांडीपर्यंत जाते. गावातले शहाणे सांगायला येतात की इतक्या मोठ्या माणसाला कोर्टात ओढणं बरं नाही. मोठा कशाने? गाडी मोठी म्हणून? मी त्यांना चहासुद्धा विचारत नाही.

त्याचा वकील दर वेळी पुढची तारीख मागतो. मागू दे. किती मागेल? एक दिवस मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारावंच लागणार की गाडी कोण चालवत होतं. सगळं सौंसर त्याला भाऊसाहेब म्हणतं. मी म्हणणार नाही. बोट दाखवीन आणि नुसतं नाव घेईन.